गांधील रंगाला येते की वासाला?



गेल्या उन्हाळी हंगामातली गोष्ट. तुडीलला एका कलिंगडाच्या प्लॉटवर गेलो होतो. भात निघाल्यावर चंदेरी कागद अंथरून केलेली लागवड, वेल चांगले पसरलेले, फुलं धरायला लागलेली. आदल्या आठवड्यात आम्ही तिथं पिवळे आणि निळे चिकट सापळे लावले होते. बघतो तर एकही सापळा जागेवर नाही. सगळे उपटून बांधाला ढीग घातलेला. विचारल्यावर कळलं की दोन दिवसांपूर्वी वेल वळवायला आलेल्या एका मावशींना गांधील डसली होती. एक नाही, तीन डंख, त्यातला एक थेट डोळ्याच्या वर. तोंड सुजलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

दोष आला पाट्यांवर. "पिवळा रंग बघून गांधील येते, साहेब. पाट्या आल्या नि मागून गांधील आली," मालक म्हणाले. बरोबरच्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. पाट्यांचं काही नाही, मावशी लालभडक साडी नेसून आल्या होत्या, त्यामुळं झालं. त्या दिवसापासून सगळ्याजणी जुन्या विटक्या साड्या नेसून कामाला येत होत्या.

गांधील कुठून आली हे शोधायला अर्धा तासही लागला नाही. मोटारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आतल्या वाशाला, तळहाताएवढं राखाडी पोळं लटकत होतं. त्याच शेडमध्ये बायका डबे आणि पाण्याचा हंडा ठेवायच्या. मावशी पाणी घ्यायला आत गेल्या तेव्हा मोटार चालू होती आणि सगळा पत्रा थरथरत होता. पाट्या काढल्या, साड्या बदलल्या, पण पोळं आपलं जिथल्या तिथं! आणि मधल्या दिवसांत वेलाच्या शेंड्यावर फुलकिडे वाढले की मावा आला, हे सांगणारं त्या शेतात काहीच उरलं नव्हतं.

मालकांना मी हसलो नाही, कारण प्रश्न खुळचट नाही. रंगाला कीटक येतात हे खरंच आहे. पिवळ्या पाटीचा सगळा खेळ त्याच्यावरच चालतो. मग गांधील का येणार नाही? याचं उत्तर शेडच्या दारात उभं राहून दोन वाक्यांत देता येईना, म्हणून आज इथं सविस्तर लिहितो.

माशीचा डोळा आणि आपला डोळा

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करू. आपल्याला जो रंग भडक दिसतो तो किड्यालाही भडक दिसतो असं नाही.

शंभर वर्षांपूर्वी कीटकांना रंग कळतात की नाही यावरच विद्वानांचा वाद होता. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने तो अगदी साध्या रीतीने सोडवला. त्याने टेबलावर कमी-जास्त गडद अशा करड्या रंगाचे बरेच कागद मांडले आणि मधे एक निळा कागद ठेवला. निळ्यावर साखरपाण्याची वाटी. मधमाश्या तिथं यायला लागल्या. मग त्याने वाटी रिकामी ठेवली आणि निळा कागद नवा घेऊन त्याची जागाही बदलली. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. माशीला रंग कळत नसता तर कुठल्या ना कुठल्या करड्या कागदाशी तिची गल्लत झाली असती. १९१४ मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केलं. पुढं मधमाश्यांच्या नाचाच्या भाषेचाही त्याने उलगडा केला आणि १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या कामाचा भाग पुढं आहे. हाच प्रयोग लाल कागदावर केला तेव्हा माश्या फसल्या. लाल आणि गडद करडा यांत त्यांना फरक करता येईना. मधमाशीच्या डोळ्याला हिरवा आणि निळा दिसतो, शिवाय आपल्याला अजिबात न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. पण लालाच्या बाजूला तिचा डोळा आंधळा. गांधिलीच्या बहुतेक जातींचंही तेच. तेव्हा मावशींची लालभडक साडी गांधिलीच्या लेखी लालही नव्हती आणि भडकही नव्हती. तिला ती काळपट दिसली असणार.

तुम्ही म्हणाल, मग फाल्गुनात सावर, पांगारा, पळस एवढे लाल-केशरी फुलतात ते कोणासाठी? ते मुख्यतः पाखरांसाठी. मैना, बुलबुल, कोतवाल यांना लाल उत्तम दिसतो. मधमाश्या सावरीवर येतात, नाही असं नाही, पण त्या तिथल्या भरपूर मधासाठी येतात. फुलपाखरांच्या काही जातींनाही लाल दिसतो. म्हणजे कीटक म्हटला की सगळ्यांना एकच नियम लावून चालत नाही.

उलट आंब्याचा मोहोर बघा. रंगानं काय आहे त्यात? पिवळट, मातकट. पण फुललेल्या कलमाखाली सकाळी उभे राहा, माश्यांचा घूं घूं आवाज ऐकू येईल. तिथं वासाचं काम मोठं आहे. आंब्याचं परागीभवन मधमाश्यांपेक्षाही साध्या माश्या जास्त करतात. उत्तर ऑस्ट्रेलियातले काही बागायतदार तर मोहोराच्या वेळी बागेत मेलेलं जनावर आणून टाकतात, वासाला माश्या जमाव्यात म्हणून! आपण तसं करावं असं मी म्हणत नाही, शेजारी काठी घेऊन येतील. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध मारू नका असं आम्ही का ओरडत असतो ते यावरून लक्षात यावं.

मग गांधील कशाला येते?

गांधिलीला दोनच गोष्टी हव्या असतात: पोटाला खाणं आणि घराला आडोसा. मोठ्या माशीला स्वतःसाठी गोड लागतं. काजूची बोंडं फोडून बी काढल्यावर ढीग तसाच पडला की त्याच्यावर गांधील, फणस फुटला की त्याच्यावर गांधील, कलिंगडाचं फुटकं फळ बांधावर टाकलं की त्याच्यावर गांधील. पिलांना मात्र मांस लागतं. त्यासाठी ती पानावरच्या अळ्या उचलते, चावून त्यांचा गोळा करते आणि पिलांना भरवते. मासळी साफ करतात तिथं, वाळत घातलेल्या मासळीवरही ती घिरट्या घालते ती यासाठीच. खाडीपट्ट्यात हे कोणाला सांगायला नको.

भाजीपाल्यावरच्या अळ्या खाणारी गांधील ही शेतकऱ्याची फुकटची मजूर आहे. मधपेट्या ठेवणाऱ्यांना हे पटणार नाही, कारण मोठी गांधील पेटीच्या तोंडाशी बसून मधमाश्या पकडते. त्यांची तक्रार खरी आहे.

कौलाखाली, वाशाला, गोठ्यात जी उघड्या घरांची लहान पोळी दिसतात ती बारीक गांधिलीची. अशाच एका जातीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे अभ्यास केला. घरट्यातली राणी कोण, काम कोण करतं, राणी गेली तर तिच्या जागी कोण येतं, हे त्यांनी प्रत्येक माशीवर रंगाचा ठिपका देऊन पाहिलं. घरट्याच्या बारीक बारीक माश्यांवर रंग लावणारा माणूस न डसता राहतो आणि आपण हंडा भरायला जातो तर डसते, असं का? कारण तो माणूस सावकाश हलतो आणि पोळ्याला धक्का लावत नाही. आपल्या शेडमध्ये मोटार पत्रा हलवत होती. घर हललं की गांधिलीच्या दृष्टीने तो हल्लाच.

आता रंगाची गंमत इथं येते. लांबून रंग बघून गांधील तुमच्यावर चालून येत नाही. पण घरट्यापाशी ती एकदा चिडली की डंख कुठं मारायचा हे ठरवताना गडद, हलणारी, केसाळ वस्तू ती आधी धरते. मधमाश्यांवर याचे पुष्कळ प्रयोग झालेले आहेत. काळ्या, खरबरीत, हलणाऱ्या वस्तूवर त्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त डंख मारतात. मध खायला येणारं अस्वल काळं आणि केसाळच असतं, तेव्हा यात नवल नाही. मधपाळ पांढरे, फिकट कपडे घालतात ते त्यामुळंच. जपानमध्ये मोठ्या गांधिलींचा फार उपद्रव आहे, तिथंही रानात जाताना काळे कपडे टाळा असंच लोकांना सांगतात.

मावशींचा एक डंख डोळ्याच्या वर होता. काळे केस, काळ्या भुवया, काळा डोळा. म्हणजे बायकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लाल साडीनं गांधील बोलावली नाही, पण चिडलेल्या गांधिलीला ती काळपट दिसून निशाण झाली असेल. मात्र विटक्या काळ्या-जांभळ्या साड्या नेसून येणं हा त्यावरचा इलाज उलटा झाला. गांधिलीचा धोका असलेल्या ठिकाणी फिकट, पांढरट कपडा बरा. डोक्याला फिकट रंगाचा रुमाल किंवा टॉवेल बांधा. वासाचं तेल आणि गजरा त्या दिवशी नको.

पिवळी पाटी कोणाची, निळी कोणाची

आता पाट्यांकडे येऊ. पिवळ्या रंगाला येतात मावा, पांढरी माशी, तुडतुडे, नागअळीची बारीक माशी. या सगळ्या रस शोषणाऱ्या किंवा पानात घर करणाऱ्या किडी. कोवळं लुसलुशीत पान पिवळट हिरवं असतं, आणि कोवळ्या पानात रस चांगला. म्हणून त्यांच्या डोळ्याला पिवळा म्हणजे कोवळं पान, आणि गडद पिवळी पाटी म्हणजे जगातलं सगळ्यात कोवळं पान. जर्मनीत मोरिके नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये पिवळ्या थाळीत पाणी घालून मावा पकडून दाखवला. आजची चिकट पाटी हे त्याचंच पुढचं रूप.

निळ्या रंगाला फुलकिडे येतात. कलिंगडात शेंडा वाळवणारा विषाणू रोग पसरवणारा फुलकिडा निळ्यावर चांगला सापडतो. पण फुलकिड्यांच्या सगळ्या जाती निळ्याच्याच भक्त नाहीत. मिरचीवर आणि आंब्याच्या मोहोरावर जो त्रास देतो तो पिवळ्यावरही येतो. म्हणून आम्ही दोन्ही रंग लावायला सांगतो. "दुकानदारानं निळ्या संपल्या म्हणून पिवळ्याच दिल्या" असं चालत नाही.

पाटी विकत घ्यायलाच हवी असंही नाही. जुन्या पत्र्याला किंवा प्लायवुडच्या तुकड्याला चकचकीत पिवळा ऑइलपेंट द्या, वाळल्यावर एरंडेल तेल किंवा ग्रीस फासा. दर आठ दिवसांनी पुसून पुन्हा फासायचं. वेलवर्गीय पिकात पाटी वेलाच्या थोडी वर ठेवा, उभ्या पिकात शेंड्याच्या वीतभर वर, आणि पीक वाढेल तशी पाटी वर सरकवा. चार फूट उंच काठीवर पाटी आणि जमिनीवर कलिंगड, असं मी बघितलं आहे. तिथं वाऱ्यावरची धूळच तेवढी सापडते.

किती लावायच्या? पाटीचं खरं काम किडी संपवणं नाही, किडी आल्याची खबर देणं आहे. त्याला एकरी पाच-सहा पाट्या पुरतात. आठवड्यातून एक दिवस ठरवा. पाटीवरचे मावा, पांढरी माशी, फुलकिडे मोजा आणि आकडा वहीत लिहा. आकडा एकदम चढला तर जवळच्या वेलांची पानं उलटून बघा. किडी पानावर आहेत का, पिलं आहेत का ते बघून मग औषधाचा विचार करा. पाटी भरली म्हणून लगेच पंप पाठीला लावू नका.

जास्त लावल्या तर जास्त फायदा, असा हिशेब पुष्कळजण करतात. तिथं एक गोम आहे. पाटीला मित्र-शत्रू कळत नाही. ढालकिडा, क्रायसोपा, किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधिली, हे सगळे तिला चिकटतात. आणि निळा रंग मधमाशीचा आवडता. फ्रिशची मधमाशी कुठल्या कागदावर उतरली होती ते आठवा. कलिंगडाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फूल एकच दिवस उमलतं, तेही सकाळी. तेवढ्या वेळात मधमाशीनं परागकण नेऊन टाकला नाही तर फळ धरत नाही किंवा वाकडं होतं. म्हणजे ऐन फुलोऱ्यात आपणच निळ्या पाट्यांची रांग लावून मधमाश्या चिकटवायच्या आणि मग फळधारणेसाठी संजीवकाची बाटली शोधत महाडला जायचं, असा तो प्रकार होतो.

माझं सांगणं असं. फुलं येण्याआधी निळ्या पाट्या पुरेशा ठेवा. फुलोरा सुरू झाला की दोन-तीनच ठेवा, त्याही कडेला. सकाळी पाटीवर मधमाश्या चिकटलेल्या दिसल्या तर तेवढे दिवस निळी पाटी काढून टाका. तुडीलच्या मालकांनी पाट्या काढल्या त्यातल्या निळ्या काढल्या ते एका अर्थी बरंच झालं. पिवळ्या मात्र काढायला नको होत्या.

आता पिवळ्या पाटीनं गांधील येते का? एखाद-दुसरी उतरते. काही देशांत गांधील पकडण्याचे सापळे पिवळेच असतात. पण त्या सापळ्याच्या आत गोड पाणी किंवा मांसाचा तुकडा असतो आणि खरी ओढ त्याची. नुसत्या कोरड्या पाटीसाठी दुसऱ्या शेतातली गांधील इकडं येऊन पोळं बांधेल, असं होत नाही. पाट्या लावल्या तो आठवडा आणि शेडमधलं पोळं वाढलं तो आठवडा एकच, एवढंच काय ते.

जाता जाता चंदेरी कागदाचं. कलिंगडाखाली अंथरतो त्या कागदाची चंदेरी बाजू वर का, असं किती जणांनी विचारलं? ती आकाशाचा उजेड खालून वर फेकते. उडत येणाऱ्या माव्याला, पांढऱ्या माशीला, फुलकिड्याला खाली पीक आहे की आकाश हेच कळत नाही. ते उतरत नाहीत. जसा रंगानं कीटक बोलावता येतो तसा उजेडानं चुकवताही येतो. वेल पसरून कागद झाकला गेला की मात्र हा फायदा संपतो, म्हणून त्या वेळी पाटीवरची नजर अधिक हवी.

फळमाशीच्या बाबतीत मात्र रंगापेक्षा नाक मोठं. आंब्याच्या फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आपल्या जिल्ह्यात ठाऊक आहे. त्यातली गोळी मिथाइल युजेनॉलची. याची सुरुवात आपल्याच देशात झाली. बिहारमधल्या पुसा इथं हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या १९१२ च्या सुमारास लक्षात आलं की सिट्रोनेला तेलाच्या वासाला फळमाश्या झुंबड करतात, आणि त्या सगळ्या नर असतात. पुढं त्याने ओढ लावणारा पदार्थ मिथाइल युजेनॉल हा असल्याचं दाखवलं. काही तुळशींतही तो असतो, म्हणून तुळशीवर कधी फळमाश्या बसलेल्या दिसतात. सापळ्यात नर मरतात, मादीला जोडी मिळत नाही आणि फळात घातलेली अंडी वाया जातात. एका बागेनं लावून शेजारच्या बागेनं न लावता उपयोग कमी, कारण शेजारून जोडी जमवून आलेली मादी येऊन फळाला टोचतेच. काकडी, कारली, दोडका, कलिंगड यांची फळमाशी वेगळी. तिला क्यू-ल्युअरची गोळी लागते. आंब्याची गोळी कारल्यात टांगून "सापळा चालत नाही" म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी थोडं

रात्री रंगाचा प्रश्न दिव्याचा होतो. पाऊस सुरू झाला की खांबावरच्या दिव्याभोवती पाखरांचा ढग जमतो, त्यात भाताच्या खोडकिड्याचे पतंगही असतात. पांढऱ्या-निळसर उजेडाला कीटक जास्त येतात, पिवळसर उजेडाला कमी. जुन्या मर्क्युरी दिव्यांपेक्षा एलईडीला कमी येतात, आणि एलईडीतही पिवळसर घेतला तर आणखी कमी. तेव्हा ग्रामपंचायत नवे दिवे घेईल तेव्हा भाताच्या बाजूच्या खांबांना पिवळसर घ्यावेत आणि तोंड रस्त्याकडं करावं. शाळेजवळच्या दिव्यालाही हेच लागू.

डासांचंही विचारतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेंग्यूचा डास माणसाच्या श्वासाचा वास आल्यावर लाल, नारिंगी, काळ्या रंगांकडे वळला. हिरव्या-पांढऱ्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. वास आल्याशिवाय मात्र रंगाचं त्याला काही नव्हतं. आणि जनावरांच्या चावऱ्या माश्यांबाबत जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये काळ्या गायींवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे ओढून बघितले, तर माश्या बसण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०२५ मध्ये या कामाला हसवून विचार करायला लावणारं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. चुन्याची बादली घेऊन लगेच गोठ्यात जाऊ नका, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पोळ्यांविषयी ग्रामपंचायतीनं एक ठरवून घ्यावं. मशाल लावून पोळं जाळायचं नाही. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पडली की वणवा काजूच्या बागेत. शेडमध्ये तर वायरी आणि प्लास्टिक. जिथं माणसाची ये-जा नाही तिथलं गांधिलीचं पोळं तसंच राहू द्या, ती तुमच्याच अळ्या खाते आहे. ये-जा असलेल्या ठिकाणचं काढायचं तर अंधार पडल्यावर, अंगभर जाड कपडे घालून, जाणकार माणसानं काढावं. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद बांधा. गांधिलीला लाल दिसत नाही हे आपण वर पाहिलंच. त्या उजेडात तुम्हाला पोळं दिसतं, तिला तुम्ही दिसत नाही. पांढरी बॅटरी मारलीत तर उजेडावरच उडून येईल.

आग्या मोहोळाला मात्र कोणीही हात घालू नये. तो मधपाळाचा किंवा वनखात्याचा प्रश्न आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर. त्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मधमाश्यांत उठबस असलेली माणसं आपल्यापासून लांब नाहीत. आग्या माशीचा एक डंख बसला की त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना "इथं मारा" म्हणून सांगतो. म्हणून तिथं उभं राहून हात हलवत बसायचं नाही. तोंड झाकून सरळ पळायचं आणि घरात, गाडीत शिरून दार लावायचं. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. गांधिलीच्या पोळ्यापासून मात्र हात न झटकता बाजूला झालं तरी बहुतेक वेळा भागतं.

डसल्यावर काय? मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखानं खरवडून लगेच काढा. गांधिलीचा काटा राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. जागा धुवा, थंड पाण्याची पट्टी किंवा बर्फ लावा. घसा आवळतोय, श्वास लागतोय, अंगभर गांध्या उठल्यात, चक्कर येते आहे असं काहीही वाटलं तर घरगुती उपायात मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. आणि पुष्कळ डंख बसले असतील तर माणूस बरा दिसत असला तरी रुग्णालयात न्याच. त्या विषानं मागाहून मूत्रपिंडावर परिणाम होतो.

तुडीलच्या शेडमधलं पोळं दुसऱ्या दिवशी रात्री दोघांनी मिळून काढलं. लाल कागद लावलेली बॅटरी, एक जाड पिशवी आणि खुरपं, एवढंच सामान. पिवळ्या पाट्या पुन्हा लावल्या, निळ्या दोनच ठेवल्या. पुढच्या आठवड्यात पिवळ्यांवर मावा मोजण्याइतका निघाला, तोही बांधाकडच्या एकाच कोपऱ्यात. तेवढ्याच भागात निंबोळी अर्काची फवारणी घेतली. मावशी डबा आता आंब्याखाली ठेवतात.

पाटीवरचा किडा कुठला हे कळत नसेल तर पाटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या कृषी कार्यालयात आणा. सुटा किडा असेल तर काडेपेटीत घाला. गावाचं नाव, पीक, पाटीचा रंग आणि तारीख चिठ्ठीवर लिहायला विसरू नका.